परवानाधारकाने स्वतःसाठी घर घेताना

प्रश्न : मी टेक्सासमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत पूर्णवेळ नोकरी करतो. भाड्याने देण्यासाठी दोन-तीन घरे घ्यावीत असा विचार आहे. रिअल इस्टेट एजंटचा परवाना काढला तर कमिशन वाचेल, चांगली घरे आधी कळतील आणि घरांवर कागदोपत्री दिसणारा तोटा पगारातून वजा करून कर कमी करता येईल, असे मित्र सांगतात. परवाना काढावा का?
– एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : मित्रांनी सांगितलेल्या तीन फायद्यांपैकी एक अर्धाच खरा आहे, एक पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही आणि तिसरा आपल्या परिस्थितीत जवळजवळ अशक्य आहे. परंतु त्यांनी न सांगितलेली चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परवाना हाती आला की आपण समोरच्या माणसाच्या दृष्टीने सामान्य खरेदीदार राहत नाही.

टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या (म्हणजे परवाने देणाऱ्या राज्य सरकारी आयोगाच्या) नियमानुसार परवानाधारक स्वतःसाठी, पती वा पत्नी, आई-वडील किंवा मुलांसाठी, अथवा ज्या कंपनीत त्याची मालकी १० टक्क्यांहून अधिक आहे तिच्यासाठी व्यवहार करत असेल, तर आपण परवानाधारक आहोत हे समोरच्या पक्षाला करारातच किंवा करार होण्यापूर्वी वेगळ्या लेखी स्वरूपात कळवणे त्याच्यावर बंधनकारक असते. हे बंधन खरेदीपुरते नाही. घर विकतानाही ते लागू आहे आणि भाडेकराराच्या वेळीही. त्याच नियमात आणखी एक अट आहे, तिच्याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. आपल्या व्यावसायिक ज्ञानाचा वापर समोरच्याच्या तोट्यासाठी करायचा नाही, अशी ती अट आहे. शिवाय आपण एजंटांच्या रिअल्टर संघटनेचे सभासद झालात, तर तिच्या आचारसंहितेचे चौथे कलमही हेच सांगते : स्वतःसाठी खरेदी करताना आपली खरी भूमिका मालकाला कळलीच पाहिजे.

प्रत्यक्षात अडचण कुठे येते, ते पाहा. समजा, एजंट न नेमता स्वतःच घर विकणाऱ्या एका वृद्ध मालकिणीशी आपली गाठ पडली आणि आपण या क्षेत्रातले आहात हे कळल्यावर तिने सहज विचारले, ‘‘तुमच्या मते किती किंमत यावी?’’ आपण आकडा सांगितला, तिने तो मान्य केला आणि सहा महिन्यांनी तिला कळले की शेजारचे तसेच घर बरेच महाग विकले गेले होते. सामान्य खरेदीदाराला अशा वेळी ‘मी माझ्या ऐपतीप्रमाणे बोली लावली’ असे म्हणता येते. आपल्याला मात्र आपण सल्ला दिला नव्हता, बोली लावली होती, हे सिद्ध करत बसावे लागेल, आणि तेवढ्या काळात परवाना पणाला लागलेला असेल. म्हणून किमतीबद्दल मत मुळीच देऊ नये. आपण केवळ स्वतःचे हित पाहत आहोत, विक्रेत्याने स्वतंत्र एजंटचा किंवा मूल्यांकनकाराचा सल्ला घ्यावा, हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहून टाकावे. अशा स्पष्टपणाने एखादा व्यवहार हातचा गेला, तर तो गेलेलाच बरा.

आता घरांच्या माहितीच्या फायद्याकडे वळू, तो अर्धा खरा आहे. टेक्सासमध्ये घराची विक्रीची किंमत सरकारी नोंदीत जाहीर होत नाही. त्यामुळे आजूबाजूची घरे नेमकी कितीला विकली गेली, हे एमएलएस या एजंटांच्या सामाईक नोंदवहीतूनच खात्रीने कळते, आणि गुंतवणूक करणाऱ्याला ही माहिती फार मोलाची आहे. घरे ‘आधी कळतील’ ही अपेक्षा मात्र फारशी धरू नये, कारण विक्रीस आलेली बहुतेक घरे आता काही वेळातच सर्वांच्या फोनवर दिसतात.

कमिशनचे गणितही मित्र समजतात तितके सरळ नाही. नवीन एजंटला प्रायोजक ब्रोकरच्या, म्हणजे त्याची जबाबदारी घेणाऱ्या वरिष्ठ परवानाधारकाच्या, हाताखालीच काम करावे लागते. कमिशन आधी ब्रोकरकडे जाते आणि त्याचा वाटा वजा होऊन उरलेले आपल्याला मिळते. १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटला विक्रेता किती देणार, हे एमएलएसवर लिहिणे बंद झाले आहे, म्हणजे तेही प्रत्येक व्यवहारात वाटाघाटीने ठरवावे लागेल. परवान्यापूर्वीचे १८० तासांचे शिक्षण, पहिल्या नूतनीकरणापर्यंत आणखी ९० तास, त्यानंतर दर दोन वर्षांनी १८ तास, शिवाय एमएलएसची आणि सभासदत्वाची वर्गणी, हे सर्व दोन-तीन घरांवर विभागून पाहावे. व्यावसायिक चुकांसाठी ब्रोकरने काढलेल्या विम्यात एजंटच्या स्वतःच्या मालकीच्या घरांचे व्यवहार पुष्कळदा वगळलेले असतात, म्हणून ते कलम परवाना ब्रोकरकडे ठेवण्यापूर्वी वाचून घ्यावे.

राहिला कराचा मुद्दा. भाड्याच्या घरांचा तोटा सामान्यतः पगारातून वजा होत नाही. घराच्या व्यवस्थापनात आपला सक्रिय सहभाग असेल तर २५,००० डॉलरपर्यंतची सवलत मिळते. पण वार्षिक उत्पन्न १,००,००० डॉलरच्या वर गेले की ती कमी होऊ लागते आणि १,५०,००० डॉलरला संपते. यापलीकडची सूट ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ ठरणाऱ्यांना आहे. त्यासाठी परवाना लागत नाही आणि केवळ परवाना असून भागतही नाही. वर्षाला ७५० तासांहून अधिक काम या क्षेत्रात, आणि तेही आपल्या एकूण कामाच्या निम्म्याहून अधिक, अशी दुहेरी कसोटी आहे. नोकरीत वर्षाला २,००० तास जात असतील, तर घरांच्या कामाला त्याहून जास्त तास दिल्याचे दाखवावे लागेल. ते शक्य नाही, आणि कागदोपत्री ते दाखवण्याच्या मोहात पडू नये.

आपल्या पत्नीला हा व्यवसाय मनापासून करायचा असेल तर गोष्ट वेगळी. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यापैकी एकाने दोन्ही अटी स्वतःच्या बळावर पूर्ण केल्या तरी चालते, आणि या व्यवसायात एजंट म्हणून केलेले कामही तासांत धरता येते. त्याखेरीज भाड्याच्या घरांच्या कामातही प्रत्यक्ष आणि नियमित सहभाग लागतो, म्हणून तासांची नोंद रोजच्या रोज ठेवावी. केवळ आपल्या दोन-तीन घरांसाठी असेल, तर मी परवाना काढण्याचा सल्ला देणार नाही. गुंतवणुकीची घरे जाणणारा एक चांगला एजंट शोधावा.

प्रश्न : माझ्या पत्नीकडे परवाना आहे. चार मित्रकुटुंबे आमच्यासोबत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून घरे घेऊ इच्छितात. पैसे सर्वांचे, काम पत्नी पाहील. यात काही अडचण आहे का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : आहे, आणि ती रिअल इस्टेटच्या परवान्याने सुटणारी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये फ्लोरिडातील संत्र्या-मोसंबीच्या बागांच्या प्रकरणात, म्हणजे हॉवी खटल्यात, एक कसोटी घालून दिली : लोक सामाईक उपक्रमात पैसे घालतात आणि नफ्याची अपेक्षा दुसऱ्याच्या कष्टांवर ठेवतात, तेव्हा तो गुंतवणूक करार म्हणजे ‘सिक्युरिटी’ (शेअरसारखी, कायद्याच्या नियंत्रणाखालील गुंतवणूक) ठरतो. ‘पैसे सर्वांचे, काम पत्नी पाहील’ हे आपले वाक्य या कसोटीच्या फार जवळ जाते. तसे ठरल्यास नोंदणी तरी करावी लागते किंवा कायद्यातील एखाद्या सवलतीत बसावे लागते, आणि कोणती सवलत लागू होईल हे सिक्युरिटीज कायद्याच्या वकिलाने पैसे गोळा होण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. पाचही कुटुंबे निर्णयांत खरोखर भाग घेणार असतील तर चित्र बदलते. केवळ करारात तसे लिहून ते बदलत नाही.

दुसरी गोष्ट मैत्रीची आहे. पत्नी एलएलसीची भागीदार असेल आणि त्याच खरेदीत कमिशनही घेईल, तर तिचे पाय दोन दगडांवर राहतील. कमिशन किती, ते कोणाला मिळणार आणि घरांच्या व्यवस्थापनाचे वेगळे पैसे घेतले जाणार का, हे पहिल्या बैठकीतच सर्वांसमोर लिहून घ्यावे. मित्रांना हे वर्षभराने हिशेबाच्या कागदांत सापडले, तर रक्कम कितीही लहान असो, विश्वास उडतो. व्यवस्थापनाचा मोबदला घेणे तिच्या ब्रोकरमार्फतच करावे.

प्रश्न : मी परवानाधारक आहे. माझे दुसरे घर भाड्याने देताना ‘फक्त भारतीयांसाठी, मुले नसलेल्या जोडप्यास प्राधान्य’ अशी जाहिरात आपल्या लोकांच्या गटात टाकली तर चालेल का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : चालणार नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने मूळ देशाच्या आधारे भेदभावास मनाई केली आणि १९८८ मध्ये मुले असलेल्या कुटुंबांनाही संरक्षण दिले. मोजकी घरे असलेल्या मालकाला काही सवलत आहे, पण ती एजंटच्या मदतीशिवाय केलेल्या व्यवहारांपुरती आहे, त्यामुळे परवानाधारकाने तिच्यावर विसंबू नये. आणि भेदभाव दर्शवणाऱ्या जाहिरातीला तर ही सवलतही लागू होत नाही, मग ती खासगी गटात का असेना. जाहिरातीत घराचे वर्णन, भाडे आणि उत्पन्नाची अट द्यावी, ती अट सर्व अर्जदारांना सारखीच लावावी आणि आपण परवानाधारक मालक आहोत हे भाडेकरारात लिहावे.