गुणपत्रिका भरण्याआधी

फोंडा,
रविवार, संध्याकाळ

बाय,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तुझा प्रश्न मी हसण्यावारी नेला, ते तुला आवडलं नसणार. खरं सांगू, उत्तर तयार नव्हतं. कॉलेजच्या लघुपट स्पर्धेला परीक्षक म्हणून तुला बोलावलंय, बारा लघुपट बघायचेत, पुढ्यात छापील कागद येणार: अभिनय २५, कथा-पटकथा २५, बाकीचं छायाचित्रण, संकलन, ध्वनी. 'सर, पंचविसातले किती, हे ठरवायचं कसं?' उत्सवी नाटकांसाठी तोंडाला रंग लावण्यात माझी चाळीस वर्षं गेली, २००४ साली इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आल्यापासून दर नोव्हेंबरला गळ्यात पास अडकवून रांगेत उभा राहतो. पण पंचविसातले किती, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या गावच्या पोस्टमनची गोष्ट तुला सांगितलेली नाही बहुतेक. जत्रेचं नाटक होतं, ऐतिहासिक. मी नायक. तिसऱ्या अंकात मुलगा लढाईत पडल्याची खबर येते आणि मी पानभर बोलतो. पोस्टमन माझा हुजऱ्या. त्या प्रवेशात त्याला एकच वाक्य, तेही शेवटी: 'सरकार, पालखी आली.' तोवर मागे उभं राहून माझ्या उपरण्याची घडी घालायची, एवढंच काम. त्या रात्री मी घसा फाटेस्तोवर बोललो, खरेखुरे अश्रू काढले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले मला दिसले. पडदा पडल्यावर मुद्दाम प्रॉम्प्टरच्या बाजूने गेलो, दोन शब्द कानावर पडतील म्हणून. म्हातारा प्रॉम्प्टर विडी शिलगावत म्हणाला, 'लोक तुका पळयनाशिल्ले रे, ताका पळयताले.' लोक तुला बघत नव्हते, त्याला बघत होते.

त्याने केलं काय होतं? खबर आली तेव्हा त्याचे हात घडीच्या मध्येच थांबले. मी बोलत होतो तसतशी ती अर्धी घडी सुटत गेली, उपरण्याचं एक टोक जमिनीला लागलं, आणि त्याला पत्ता नव्हता. माझं भाषण संपल्यावर तो दचकला, उपरणं घाईघाईने गोळा केलं, कामात कसूर करताना सापडल्यासारखं, आणि मग म्हणाला, 'सरकार, पालखी आली.' बस्स. मला आठवडाभर त्याचा राग होता.

तेव्हा बोलणाऱ्याला सोड आणि ऐकणाऱ्याकडे बघ, हे तुला सांगायचं. बोलणाऱ्याला लेखकाने वाक्यं दिलेली असतात, ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. कॉलेजच्या फिल्ममध्ये तर हे लगेच कळतं. समोरचा बोलत असतो आणि हा आपलं पुढचं वाक्य मनात घोकत असतो, ओठ जवळजवळ हलतात. नाहीतर इतका 'ऐकतो' की भुवया खालीवर करून दमतो. खरं ऐकणारा माणूस मध्येच पाण्याचा ग्लास उचलतो आणि प्यायचं विसरतो.

पण सिनेमात एक गोची आहे. देवळाच्या मंडपात लोकांचे डोळे मोकळे होते, त्यांना वाटलं तिकडे बघितलं त्यांनी. पडद्यावर कुठे बघायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. इव्हान मोझ्झुखिन हा त्या काळचा नावाजलेला नट. त्याच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार तुकडा घेतला आणि तो कधी सुपाच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. लोक वाखाणायला लागले: सुपाकडे बघताना कसा विचारात बुडालाय, शवपेटीपुढे काय दुःख दाखवलंय! चेहरा तोच होता. ती फिल्म आज कुठेच नाही. कुलेशॉव्हच्या शिष्याने, पुदोव्हकिनने, लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक.

म्हणजे अभिनयाचे म्हणून तू दिलेले गुण पुष्कळदा संकलकाचे असतात. म्हणून डोळ्यांत पाणी आलं की लगेच पेन उचलू नकोस. आधी बघ, कट कुठे पडला. चेहऱ्यावर भाव उमटायच्या आत कॅमेरा दुसरीकडे गेला का? पियानो आधी वाजला की चेहरा आधी बदलला? पियानो आधी वाजला असेल तर नटाची परीक्षा अजून झालेलीच नाही. मी हल्ली अंधारात बसून हेच मोजतो. शेजारच्याला वाटतं म्हातारा पुटपुटतोय.

कट न करता लांबून, स्थिर कॅमेऱ्याने घेतलेला प्रवेश आला की मी खुर्चीत सरसावून बसतो. चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा 'कोर्ट' तू पाहिलास ना? कॅमेरा एका जागी उभा, कोर्टाचा अख्खा हॉल समोर. तिथे कुणाला वाचवायला कुणी येत नाही. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील आठव. कायद्याची कलमं ती वाचते, त्यात राग नाही, खुनशीपणा नाही. रोजची फाइल संपवायची आहे, इतकंच. मग ती लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. दुसऱ्या एखादीने डोळे वटारून खलनायिका उभी केली असती आणि आपण सगळे निश्चिंत झालो असतो. ती आपल्याच ओळखीच्या कुणासारखी वाटते आणि म्हणून झोप उडवते. त्याच चित्रपटात शाहीर झालेले वीरा साथीदार व्यवसायाने नट नव्हते, तरी कुठे सांधा दिसत नाही. नटाने शिक्षण घेतलंय की नाही हे कागदावर विचारलेलं नसतं, तूही विचारू नकोस.

आवाजाचं थोडक्यात. जुन्या हिंदी चित्रपटांत आवाज नंतर स्टुडिओत भरत. शरीर एका महिन्यातलं, आवाज दुसऱ्या महिन्यातला. २००१ च्या 'लगान'नंतर चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपायची पद्धत पुन्हा रुळली. पोरांनी मोबाइलवर डबिंग केलेलं असेल तर संवाद कोरडे वाटतील. तो भुर्दंड नटाच्या खात्यात टाकू नकोस, ध्वनीचा रकाना आहे.

आता एक गोष्ट जिथे तुमच्या पिढीशी माझं पटत नाही. 'लाउड' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरता. तियात्रातला, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकातला, नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो, मध्येच पडद्यापुढे येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो. पेडण्यात रात्री दशावतार बघ: लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे रचायचे, आणि संकासुर राक्षस नाचत येतो. तो काय कुजबुजणार? ते लाउड नव्हे, ते त्या खेळाचं माप आहे. चूक तेव्हा होते जेव्हा घरातली सगळी माणसं साधं बोलतायत आणि एकटा बाप तियात्रातून आल्यासारखा वागतो. तेव्हा विचार, दिग्दर्शकाच्या ते लक्षात आलं नाही की बापाला कुणी सांगू धजलं नाही? आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरं असतं. बाप म्हणजे फिल्मला पैसे देणारा काका असतो.

हात बघ. मला चेहऱ्यापेक्षा हातांचा भरवसा. एका फिल्ममध्ये गोव्यातली आजी आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, नारळ किसत होती. चेहरा छान, सुरकुत्या खऱ्या, पण कवड एकाच जागी दाबून घासत होती. कवड हातात फिरत राहते गं, कडेकडेने, बघावंही लागत नाही. तुझी आजी त्याच वेळी दाराशी आलेल्या नुस्तेकान्नीशी, मासेवालीशी, घासाघीस करत असते. त्या बाईने आदोळी तासभर मागून घेतली असती तर काम झालं असतं. हिंदी सिनेमाने आपला जो गोंयकार उभा केला, हातात बाटली, गळ्यात गिटार, तोंडात मोडकं हिंदी, तोही याच आळसातून आलाय. तिथे नटाला दोष देऊन भागत नाही. लिहिणाऱ्याने सकाळी पावाच्या सायकलचा भोंगा ऐकलेलाच नसतो.

कथेचे पंचवीस गुण मात्र मला अवघड वाटतात, कारण कथा म्हणजे 'पुढे काय होणार' हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. दशावताराच्या आख्यानाचा शेवट लहान पोरांनाही पाठ असतो, तरी लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. मग त्यांना धरून ठेवतं ते काय?

संदीप सावंतचा 'श्वास' घे, २००४ चा. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरकडे आणतात. डोळ्यांचा कर्करोग. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. हे आपल्याला अगदी लवकर समजतं. उरतो एवढाच प्रश्न की हे पोराला सांगायचं कुणी आणि कसं. आजोबांना माहीत आहे, पोराला नाही, आणि आपल्याला दोघांचंही माहीत आहे. त्यामुळे पोराने साधं काहीतरी बोट दाखवून विचारलं तरी आपल्या पोटात खड्डा पडतो. अरुण नलावडे तिथे फारसं काही करत नाहीत. त्यांना करावं लागू नये अशी पटकथा आहे, आणि ते न करण्याचं धाडस त्यांच्यात आहे. हे गुण कुणाचे, मला अजून वाटता येत नाहीत. निम्मे निम्मे दे.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. समज, फिल्म चालू असताना वीज गेली. (आपल्याकडे समजायचीही गरज नाही.) त्या क्षणी तुला सांगता येतं का, कुणाला काय ठाऊक आहे, कोण कुणापासून काय लपवतंय, कुणाला काय हवंय? येत असेल तर सांगणाऱ्याच्या हातात सूत आहे. 'वातावरण मस्त होतं' एवढंच आठवत असेल तर ती सुंदर छायाचित्रं झाली.

बारापैकी निदान चार फिल्मींत शेवटच्या मिनिटाला धक्का असेल. माणूस मेलेलाच होता, सगळं स्वप्न होतं, फोनवर बोलणारी मुलगी अस्तित्वातच नव्हती. टाळ्या पडतील. तू तेवढ्यात मनातल्या मनात फिल्म मागे फिरव. पहिल्या प्रवेशातला बापाचा तुटकपणा आता वेगळा दिसतो का? तसं असेल तर भरभरून दे. आणि नुसतं आपल्यापासून दडवून ठेवलं होतं म्हणून दचकलो असू, तर अंधारात कुणीतरी 'भो' केल्यावरही आपण दचकतोच.

एकदा एका फिल्म सोसायटीच्या खेळाला इराणी चित्रपट चालू असताना सबटायटलं गेली. दहा-बारा मिनिटं फारसी, पडद्यावर दोन बायका, एक स्वयंपाकघर. मला वाटलं, जावा आहेत आणि थोरली धाकटीला झापतेय. धाकटी भांडी पुसत होती, तेच ताट तीनदा पुसलं. थोरली दाराकडे पाठ करून उभी, म्हणजे जायची वाट अडवून. सबटायटलं परत आली तेव्हा कळलं, थोरली पैसे उसने मागत होती! नातं मी चुकलो, झापणंही चुकलो. पण धाकटीला द्यायचं नसलेलं काहीतरी तिच्याकडून काढून घेतलं जातंय, हे एक अक्षर न कळता बरोबर समजलं होतं. ती दोघींची कमाई आणि दिग्दर्शकाने दोघींना कुठे उभं केलं त्याची. तेव्हापासून सबटायटल वाचून झालं की डोळे झटकन वर न्यायची सवय लावून घेतली. तूही लाव, अर्धा चित्रपट पडद्याच्या तळाशीच राहून जातो.

मेहनतीला गुण देऊ नकोस. पोरं येऊन सांगतील, सर, मॅडम, नायकाने दहा किलो वजन उतरवलं, तीन रात्री झोपला नाही, मिरामारच्या पाण्यात पहाटे चार वाजता उभा राहिला. शाबास म्हण, चहा पाज. कागदावर मात्र पडद्यावर जे दिसलं तेवढंच.

यावरून पुन्हा तो पोस्टमन. पुढे कित्येक वर्षांनी, राग निवळल्यावर, मी त्याला विचारलं की ती उपरण्याची युक्ती तुला सुचली कशी. त्याला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतोय. मग म्हणाला, 'सर, तुम्ही भाषण दर खेपेला वेगळंच बोलायचा. माझ्या वाक्याच्या आधीचा शब्द कधी येईल याचा नेम नसायचा. कान देऊन ऐकावं लागायचं, उपरण्याकडे कोण बघतोय?'

म्हणजे बघ. त्याच्या मनात दुःख नव्हतं, धास्ती होती. मंडपातल्या माणसांना त्याच्याशी काय करायचंय? त्यांनी धन्याच्या शब्दांनी थिजलेला नोकर पाहिला आणि तो खरा होता. मी त्याला पंचविसापैकी बावीस देईन. मला स्वतःला चौदा. पंधरा फार तर.

आता कामाचं. मधल्या रांगेत बस, आयोजकांच्या शेजारी नको, ते दर प्रवेशाला तुझ्या तोंडाकडे बघतात. फिल्म संपल्यावर पहिल्यांदा आकडा लिहू नकोस. पाहिलेल्या दोन-तीन गोष्टी लिही, 'तिसऱ्यांदा पुसलेलं ताट' अशा. आकडे पेन्सिलीने घाल. पहिल्या फिल्मीला नेहमी कमी पडतात आणि जेवणानंतरच्या फिल्मीला त्याहून कमी, ते शेवटी परत तपास. दुसरे परीक्षक वयाने मोठे असतील आणि दामटून बोलतील, तेव्हा तुझा तो कागद उघडून वाचून दाखव.

आणि तुझ्या मावसभावाची फिल्म यादीत आहे म्हणालीस. ते आजच कळव त्यांना, त्या फिल्मीपुरती उठून बाहेर जा. तो रुसेल. गणपतीपर्यंत बोलायला लागेल.

निकाल लागला की ये. तुझा पेन्सिलीचा कागद घेऊन ये, मला तो बघायचाय.

तुझा,
सर