देव न मानणं हीसुद्धा श्रद्धाच का?

प्रश्न : मुलगा म्हणतो, देव नाही. यजमान म्हणतात, "ही तुझी श्रद्धाच, फक्त उलटी." कोणाचं खरं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आमच्या गावच्या देवळात आजी कौल लावायची. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवत. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. थोरल्या बहिणीच्या लग्नाला उजवी पडली. दोन वर्षांत लग्न मोडलं. आजी म्हणाली, "आपणच नीट विचारलं नाही." श्रद्धा ती ही, कुठलाच निकाल तिला हलवत नाही. आजीला आधार मात्र त्यातूनच मिळे, हे मी विसरलेली नाही.

मी देव मानत नाही, पण उद्या भक्कम पुरावा मिळाला तर मत बदलेन. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९५२ साली एका लेखात किटलीचं उदाहरण दिलं. पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधून सूर्याभोवती फिरणारी, दुर्बिणीलाही न दिसणारी चिनी मातीची किटली! ती नाही हे सिद्ध करता येत नाही, म्हणून न मानणाऱ्याला श्रद्धाळू म्हणायचं? पुरावा देणं दावा करणाऱ्याचं काम.

मुलगा "शंभर टक्के नाहीच" म्हणत असेल, तर तोही दावाच. कारणं विचारा. "माहीत नाही" हे शब्द त्याला उच्चारता येतात का, तेही बघा.

आणि गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची आरास, बांधायला त्याला हाक मारा. मी दरवर्षी बांधते. रानातली फळं आणि सुपाऱ्यांचे घोस लटकवताना माझी श्रद्धा कुणी तपासत नाही.