डाउनपाइप आणि रीमॅपनंतर बूस्ट ठरवल्यापेक्षा वर जातोय, सोलेनॉइड बदलू का?

सोलेनॉइड, म्हणजे बूस्ट ताब्यात ठेवणारी विजेवरची छोटी झडप, इतक्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की ट्यूनरने बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा दाब, १.२ बारवर धरलाय, पण चौथ्या गिअरमध्ये ४,५०० आरपीएमनंतर काटा हळूहळू चढत १.५ पर्यंत जातो, मग गाडी झटका देऊन ताकद सोडते आणि चेक लाइट लागतो. यातला 'हळूहळू चढत' हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोलेनॉइड किंवा त्याचं ट्यूनिंग चुकलं असेल तर साधारणपणे २,५००-३,००० च्या आसपास, टर्बो भरताना, काटा एकदम उसळतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. तुमचा काटा आरपीएमबरोबर चढत जातो आणि खाली येतच नाही. याला बूस्ट क्रीप म्हणतात.

माझ्या १.४ लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीला बडोद्यात अगदी हेच झालं होतं. मी एकामागून एक दोन सोलेनॉइड बदलले, रीमॅपची (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगची) फाइल तीनदा बदलून घेतली. काही फरक पडला नाही.

कारण असं. एक्झॉस्टचा गॅस टर्बाइन फिरवतो. बूस्ट पुरेसा झाला की तोच दाब झडप हलवणाऱ्या डबीतल्या, म्हणजे ॲक्चुएटरमधल्या, स्प्रिंगला दाबतो, दांडी सरकते, वेस्टगेटची झडप उघडते आणि जास्तीचा गॅस टर्बाइनला वळसा घालून बाहेर जातो. सोलेनॉइड ॲक्चुएटरकडे जाणारा दाब अडवतो किंवा सोडून देतो, म्हणजे झडप उशिरा उघडते. त्यामुळे तो बूस्ट वाढवू शकतो, पण स्प्रिंग ज्या दाबाला दबते त्या आकड्याखाली आणू शकत नाही. मोठा डाउनपाइप, म्हणजे टर्बोमधून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप, लावल्यावर टर्बाइनच्या पुढचा अडथळा कमी होतो, गॅस टर्बाइनमधून सहज निघतो, आणि कंपनीने मूळ सायलेन्सरच्या हिशोबाने ठेवलेलं वेस्टगेटचं भोक अपुरं पडतं. झडप पूर्ण उघडी असूनही बूस्ट चढतच राहतो. तिथे लॅपटॉपवरून करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून आधी तुमच्या गाडीचा कमीत कमी बूस्ट मोजा. सोलेनॉइडचा प्लग जागेवर राहू द्या, फक्त कॉम्प्रेसर हाउसिंगच्या निपलपासून ॲक्चुएटरपर्यंत एक चांगली होज थेट जोडा. आता गाडी फक्त स्प्रिंगवर आहे. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून वर ओढा. शेजारी कुणालातरी लॉग (आकड्यांची नोंद) घ्यायला बसवा, चालवताना स्वतः स्क्रीनकडे बघू नका. डायनो (गाडी रोलरवर जागीच पळवून मोजायचं यंत्र) मिळाला तर त्याहून चांगलं. माझी स्प्रिंग ०.६ बारची होती आणि ६,००० ला १.१ दिसला, तेव्हा कुठे दोष कळला. तुमचा आकडा स्प्रिंगपाशी सपाट राहिला तर मात्र दोष सोलेनॉइडचा असू शकतो. मग तो आणि त्याच्या होजेस बघा.

होजेसबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. इंटरकूलरच्या पाइपला गळती असेल तर बूस्ट कमी पडतो, पण ॲक्चुएटरकडे जाणारी बारीक होज चिरली असेल तर बूस्ट वाढतो, कारण झडपेला उघडायचा निरोपच पोहोचत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात बॉनेटखालचं रबर कडक होऊन तोंडाशीच फाटतं. वरून दिसत नाही, काढून वाकवून बघावं लागतं. आणि बूस्ट गेजची टी (तीन तोंडांचा जोड) याच होजवर मारली असेल तर आधी ती काढा. गेजसाठी इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागावरून) वेगळी लाइन घ्या.

ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) लॉगमधला दाब बहुतेक वेळा बाहेरच्या हवेचा दाब धरून असतो. बडोदं जवळपास समुद्रसपाटीलाच आहे, तेव्हा लॉगमधले २,२०० मिलिबार म्हणजे गेजवरचे साधारण १.२ बार. ट्यूनर आणि तुम्ही एकाच मापात बोलताय ना, तेवढं विचारून घ्या. माउंट अबूला, जवळपास १,२०० मीटरवर, हेच गणित बदलतं.

अजून एक खूण म्हणजे थंडी. उत्तरायणाच्या दिवसांत पहाटे हवा घट्ट असते, क्रीप जास्त दिसतो. माझ्या गाडीचा झटका जानेवारीत रोजचा झाला होता.

उपाय मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वयस्क कारागिरांनी केला. त्यांनी टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक दोन मिलिमीटरने मोठं केलं, गॅस ज्या बाजूने वळतो तिथली कड घासून गोल केली आणि झडप सगळीकडून नीट बसतेय हे मार्किंग लावून मला दाखवलं. भोक प्रमाणाबाहेर मोठं केलं तर झडपेच्या कडेला जागाच उरत नाही आणि बूस्ट चढायला वेळ लागतो, म्हणून हे काम हातावर विश्वास असलेल्या माणसाकडेच द्या. त्यानंतर स्प्रिंगवर माझा आकडा ०.७ वर सपाट झाला. तेवढ्याने भागलं नाही तर एक्स्टर्नल (टर्बोबाहेर वेगळा बसवलेला) वेस्टगेट, किंवा थोडा लहान डाउनपाइप. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेला डाउनपाइप मी केव्हाही पसंत करेन. क्रीपही कमी होतो आणि हवेत विषही कमी जातं.

ट्यूनरने 'ओव्हरबूस्टची मर्यादा वाढवतो, लाइट बंद होईल' असं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. तो झटका तुमचं इंजिन वाचवतोय. इंधन आणि टायमिंग १.२ साठी बसवलेलं असताना १.५ बार भरला की नॉकिंग होतं, म्हणजे इंधन अवेळी भडकतं, आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. मग सिलिंडरच्या बोअरपासून सगळं काम निघतं. वरची चाचणी सोडली तर दोष सापडेपर्यंत ४,००० च्या वर ओढू नका.

हे सगळं दाबाने उघडणाऱ्या वेस्टगेटला लागू आहे. तुमच्या टर्बोवर इलेक्ट्रिक मोटरचा ॲक्चुएटर असेल तर होजची चाचणी होणार नाही. तसं असेल तर गाडीचं मॉडेल आणि लॉगमधला झडपेच्या स्थितीचा आकडा इथे टाका, मी बघून सांगतो.