रोज पीत नाही, फक्त शनिवारी ५-६ पेग होतात. वय २१. मेंदूवर खरंच काही परिणाम होतो का? एकदोनदा घरी कसा आलो ते आठवलं नाही.

मी डॉक्टर नाही, ईईजी तंत्रज्ञ आहे. पेशंटच्या डोक्याला पेस्ट लावून वीसेक वायरी चिकटवायच्या आणि मेंदूच्या लहरींची नोंद घ्यायची, हे माझं रोजचं काम. शिवाय कॉलेजात मीही तुमच्यासारखा शनिवारवालाच होतो. "रोज नाही हो घेत" हे वाक्य त्यामुळे दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

हो, परिणाम होतो. मेंदूच्या दृष्टीने आठवड्यातून किती दिवस प्यायलात यापेक्षा एका बैठकीत किती गेली हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत पुरुषाने साधारण दोन तासांत ५ आणि बाईने ४ ड्रिंक घेतली की त्याला 'बिंज' म्हणतात. तिथलं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आता आपला हिशोब करा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, यात जवळपास ६१ ग्रॅम अल्कोहोल असतं. चार ड्रिंकच्या वर. ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, त्यामुळे दोन बाटल्यांत रेषा ओलांडलीच. तुमचे पेग ३० चे की ६० चे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ३० चे असतील तर काठावर आहात. ६० चे असतील तर पाचातच १०० ग्रॅम झाले.

"एकदोनदा घरी कसा आलो ते आठवलं नाही" असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मी असतो तर प्रश्नाची सुरुवातच तिथून केली असती. रक्तातलं अल्कोहोल झपाट्याने चढलं की हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणी साठवणं थांबवतो. माणूस मात्र चालतो, बोलतो, पैसे देतो. एका रात्री मी म्हणे रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडलो, तीन मजले चढलो आणि चपला स्टँडवर व्यवस्थित जोडून ठेवल्या. सगळं रूममेटने सांगितलं म्हणून माहीत. त्याने कितीही खाणाखुणा दिल्या तरी मला काही आठवलं नाही, कारण नोंदच झाली नव्हती. रिकाम्या पोटी आणि भराभर प्यायल्यावर हे लवकर होतं.

राहिला प्रश्न एरवीच्या दिवसांचा, म्हणजे उतरल्यानंतरच्या मेंदूचा. बेल्जियममधल्या संशोधकांचा २००९ चा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. विद्यापीठात नुकत्याच आलेल्या मुलांच्या मेंदूचे प्रतिसाद त्यांनी ईईजीवर मोजले, तेव्हा पुढे बिंज करणारे आणि न करणारे या दोन्ही गटांत फरक नव्हता. नऊ महिन्यांनी पुन्हा मोजले. मधल्या काळात बिंज करत राहिलेल्यांच्या लहरी उशिरा उमटत होत्या. गंमत म्हणजे दिलेल्या कामात मात्र ती मुलं कुठेच कमी पडली नव्हती. म्हणून "माझे मार्क तर चांगले येतात" हा पुरावा मी तरी धरत नाही.

पण म्हणून उद्या ईईजी काढायला धावू नका. मध्यंतरी एका मुलाने वायरी लावतानाच घाबरून विचारलं, "यात दारू दिसते का हो?" नाही दिसत. वरचे फरक अनेकांची सरासरी काढल्यावर कळतात, एकट्याच्या नेहमीच्या रिपोर्टवरून नाही. तो आला होता फिट आल्यामुळे: दोन दिवस लग्नात भरपूर पिणं, जागरण, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फिट. दारू मेंदूचा ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर ढिला करते. उतरताना नेमकं उलटं होतं. रविवारी दुपारी उगाच धडधडतं, कशाचीतरी भीती वाटते, त्यात याचाही हात असतो.

वयाचं म्हणाल तर निर्णय घेणारा, स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. महाराष्ट्रात कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, त्यावर आम्ही हसायचो. कायदा करणाऱ्यांनी मेंदूचा विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण आकडा बरा लागलाय.

बंदच करा असं मी सांगणार नाही, मलाही कुणी सांगितलेलं पटलं नव्हतं. पण निदान जेवून बसा आणि क्वार्टरच्या आत थांबा. यकृत तासाला जेमतेम एक छोटा पेग निस्तरतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. आणि कुणी आडवा झाला तर "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून दार लावून जाऊ नका. पोटातली दारू तो झोपल्यावरही रक्तात जातच असते. त्याला कुशीवर वळवा, जवळ बसा. हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ ला फोन करा. घरी कळेल म्हणून थांबू नका.