जावा या प्रोग्रामिंग भाषेत 31 डिसेंबर 2024 ही तारीख छापताना वर्ष 2025 का येतं?

तुमच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या अक्षरांमध्ये, वर्षासाठी कॅपिटल वाय आहे, तिथे स्मॉल वाय हवा. कॅपिटल वाय म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष. 31 डिसेंबर 2024 मंगळवारी होता आणि तो आठवडा 2025 चा पहिला धरला जातो, म्हणून 2025. ही चूक फार वाईट, कारण वर्षभर सगळं बरोबर दिसतं आणि डिसेंबर संपता संपता बिलांवर चुकीचं वर्ष छापलं जातं. टेस्टमध्ये वर्षाच्या शेवटच्या आणि पहिल्या आठवड्यातल्या तारखा घालाच.

अक्षरांचा असाच घोळ महिन्यातही होतो: कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. तासासाठी कॅपिटल एच 24 तासांचं घड्याळ देतं. स्मॉल एच वापरलात तर सोबत एएम-पीएम दाखवणारा स्मॉल ए लागतोच, नाहीतर सकाळ-संध्याकाळ कळणार नाही.

आणि तारीख छापणारा जुना क्लास सिम्पलडेटफॉरमॅट सोडा, अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, तो सुरक्षित नाही. 2014 च्या जावा 8 पासून त्याच कामासाठी डेटटाइमफॉरमॅटर आहे, तोच वापरा. त्याला मराठी लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की महिन्याचं नाव मराठीत येतं. आकडे मात्र इंग्रजीच राहतात, ते मराठीत हवे असतील तर डेसिमलस्टाइल, म्हणजे आकड्यांची सेटिंग, वेगळी द्यावी लागते.