कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, छोट्या गावात राहायला जातोय. थंडीसाठी मोठी गाडी घ्यावीच लागते का? पेट्रोल आणि कार्बन टॅक्सचा बोजा किती पडतो?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: पुण्याहून येताय, नवऱ्याला छोट्या गावातल्या इस्पितळात नोकरी लागली आहे, दोन मुलं आहेत आणि ज्याला विचारावं तो म्हणतोय, "तिकडे थंडी फार, ट्रकच घ्या." त्यात पेट्रोल आणि कार्बन टॅक्सची (इंधन जाळून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरचा केंद्राचा कर) धास्ती, आणि इलेक्ट्रिक गाडी चालेल का हाही प्रश्न. मी रेजायनापासून, म्हणजे प्रांताच्या राजधानीपासून, तास-दीड तासावरच्या गावात राहतो. इथं 'ट्रक' म्हणजे पिकअप, मागे उघडा हौदा असलेली. आपल्याकडचा मालट्रक नव्हे.

थंडीसाठी मोठी गाडी लागत नाही. थंडीसाठी लागतात चार विंटर टायर, ब्लॉक हीटर आणि धडधाकट बॅटरी. या तीन गोष्टी छोट्या गाडीतही बसतात, आणि नसल्या तर ऐंशी हजार डॉलरचा ट्रकही सकाळी दारात मख्ख उभा राहतो.

इथली थंडी कशी असते ते आधी सांगतो, कारण भारतातून येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कंबरभर बर्फ असतो. प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखात, बर्फ तसा फार पडत नाही. पण नोव्हेंबरात पडलेला मार्चपर्यंत वितळत नाही आणि वारा त्याला सतत इकडून तिकडे नेत असतो. आकाश निळंभोर असतं आणि जमिनीलगत पांढरा धूर वाहत असतो, रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळी गाडी लहान की मोठी याला काही अर्थ नसतो, घरी बसायचं. प्रांताची हायवे हॉटलाइन आहे, तिचं ॲप फोनवर घ्या आणि 'प्रवास टाळा' असं दिसलं की खरंच टाळा.

उणे 30 ला गाडीचं काय होतं? इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली जाते. रात्रभर उभ्या गाडीचे टायर जमिनीला टेकतात तिथं चपटे होऊन गोठतात, त्यामुळे पहिला एखादा किलोमीटर चाकं चौकोनी असल्यासारखी गाडी धडधडत जाते. घाबरू नका, गरम झाली की गोल होतात. ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाला लावलेला छोटा विजेचा हीटर. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते आणि रात्री ती प्लगमध्ये खोचायची असते. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये खांबाखांबांवर प्लग दिसतील ते त्यासाठीच. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. निघायच्या दोनेक तास आधी सुरू होईल असा टायमर लावला की पुरतं.

विंटर टायर या प्रांतात सक्तीचे नाहीत (क्यूबेकमध्ये आहेत), म्हणून बरेच लोक 'ऑल सीझन' वर निभावतात. तुम्ही तसं करू नका. त्यांचं रबर कडक थंडीत प्लॅस्टिकसारखं कडक होतं. आणि इथंच मोठ्या गाडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. फोर-व्हील-ड्राइव्हनं गाडी बर्फातून निघते, पण थांबताना त्याचा काही उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. वजन जास्त म्हणजे थांबायला उलट जास्त जागा लागते. पिकअपचा मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात आणि घसरतात. म्हणून हिवाळ्यात लोक हौद्यात वाळूची पोती टाकून फिरतात. म्हणजे ज्या वजनासाठी पैसे मोजले ते कमी पडलं, म्हणून वरून वाळू!

मग एवढे ट्रक का? ज्याची शेती आहे, गुरं आहेत, ट्रेलर ओढायचा आहे, त्याला तो लागतोच आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. इथं गावाबाहेर पडलं की ग्रिड रोड सुरू होतात, चौकटीत आखलेले खडीचे रस्ते. पाऊस पडला की चिखल, कोरडं असलं की समोरच्या गाडीची खडी थेट काचेवर. अशा ठिकाणी जमिनीपासून उंची कामाला येते. पण गावात राहून इस्पितळ, शाळा, दुकान एवढंच करणाऱ्या कुटुंबाकडेही ट्रक असतो, त्याची कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे सगळ्यांकडे आहे. दुसरं, दुकानात दुसरं काही दिसतच नाही. निसानची मायक्रा, हो, आपल्याकडचीच, कॅनडात दहा हजार डॉलरच्या आत मिळायची. 2019 नंतर तीही गेली. उत्तर अमेरिकेतले इंधनबचतीचे नियम गाडीच्या आकारावर बेतलेले आहेत: गाडी जितकी लांबरुंद तितकं तिचं लक्ष्य सैल. शिवाय कॅनडात जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर केंद्राचा 'ग्रीन लेव्ही' आहे, 100 किलोमीटरला 13 लिटर किंवा त्याहून जास्त खाणाऱ्या गाडीला 1,000 ते 4,000 डॉलर. त्यातून पिकअपला सूट! मोठी गाडी घ्या असं कुणी कायद्यात लिहिलेलं नाही, पण सगळा उतार त्याच बाजूला आहे.

आता पैसे. वर्षाला 25,000 किलोमीटर धरा. छोट्या गावात एवढं सहज होतं: दातांचा डॉक्टर, भारतीय किराणा, विमानतळ, सगळंच दूर. हिवाळा धरून पिकअपची सरासरी 100 किलोमीटरला 13 लिटर घेतली तर वर्षाला 3,250 लिटर. छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही साडेआठ लिटरने 2,125 लिटर. हिशेबापुरता दर 1.40 डॉलर धरला तर 4,550 विरुद्ध 2,975. फरक 1,575 डॉलर, दरवर्षी. (दर रुपयांत काढलात तर पुण्यापेक्षा स्वस्तच वाटेल, पण इथं अंतरं पुण्याची नाहीत.) थंडीचा भुर्दंड कुठल्याही गाडीला चुकत नाही: उणे 7 लाच शहरी फेऱ्यांत पेट्रोल सुमारे 15 टक्के जास्त जातं, पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत 24 टक्क्यांपर्यंत. इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही पोचलेले असता, म्हणून. पण टक्के तेच असले तरी मोठ्या गाडीत लिटर जास्त जळतात.

आणि पेट्रोलपेक्षा मोठं छिद्र हप्त्याचं. इथं 84 महिन्यांचं कर्ज सर्रास देतात आणि विक्रेता तुम्हाला गाडीची किंमत कधी सांगणार नाही, दर पंधरवड्याचा आकडा सांगेल. तो आकडा गोड वाटतो. तुम्ही एकूण किंमत, व्याजदर आणि मुदत कागदावर लिहून मागा.

कार्बन टॅक्सची भीती मात्र सोडून द्या. 1 एप्रिल 2025 पासून तो पंपावर नाही. मार्क कार्नी पंतप्रधान झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तो शून्यावर आणायचा निर्णय घेतला. मोठ्या कारखान्यांवरची कार्बन किंमत वेगळी, त्या निर्णयाने ती गेली नाही.

तरी लोक अजून त्याबद्दल हिरिरीनं बोलतात, आणि इथं राहायचं तर प्रकरण माहीत हवं. एप्रिल 2019 मध्ये उत्सर्जनाच्या टनाला 20 डॉलरने सुरुवात झाली, म्हणजे लिटरमागे साडेचार सेंटही नाहीत. वाढत वाढत एप्रिल 2024 ला टनाला 80 डॉलर, पेट्रोलवर लिटरमागे 17.6 सेंट. सस्कॅचवान सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2021 मध्ये हरलं. आता वरच्या हिशेबाला तो दर लावा: पिकअपवाला वर्षाला साधारण 572 डॉलर भरायचा, छोट्या एसयूव्हीवाला 374. फरक दोनशे डॉलरच्या आत. नुसत्या पेट्रोलच्या फरकाने, दीड हजारांनी, जो माणूस ट्रक सोडत नाही, तो या दोनशेंनी काय सोडणार?

दुसऱ्या बाजूला रिबेट होता, म्हणजे त्या टॅक्समधून कुटुंबांना परत मिळणारी रक्कम, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. सस्कॅचवानमध्ये चौघांच्या कुटुंबाला 2024-25 साठी 1,504 डॉलर, आणि मोठ्या शहरांच्या हद्दीबाहेर राहत असाल तर त्यावर 20 टक्के जास्त (आधी हे 10 टक्के होतं). म्हणजे अठराशेच्या आसपास. गाडी कुठलीही असो, रक्कम तीच. कमी जाळलं तर उरलेलं तुमचं. वाहतुकीमुळे किराण्यात थोडी भर पडायची हे धरूनही गावातलं नोकरदार कुटुंब बहुधा फायद्यातच होतं. पण टॅक्स दर आठवड्याला पंपावर डोळ्यांसमोर यायचा आणि रिबेट, 2022 पासून, तीन महिन्यांतून एकदा बँकेत गुपचूप. पासबुकात तो 'क्लायमेट ॲक्शन' अशा मोघम नावाने दिसायचा. 'कार्बन रिबेट' हे नाव 2024 मध्ये दिलं, तोवर वेळ गेली होती.

शेतकऱ्यांची तक्रार मात्र मला पटायची. ट्रॅक्टर-कंबाइनच्या डिझेलला सूट होती, पण ओलं धान्य सुकवायच्या ड्रायरला लागणाऱ्या गॅसला नव्हती. ओला सप्टेंबर आला की धान्य सुकवण्यावाचून पर्याय नसतो. मग ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राने घर तापवायच्या तेलावर तीन वर्षं टॅक्स थांबवला, त्याचा लाभ मुख्यतः अटलांटिककडच्या प्रांतांना. इथली घरं तापतात नैसर्गिक वायूवर, त्याला काही नाही. प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, स्कॉट मो यांनी जानेवारी 2024 पासून घरगुती गॅसवर तो टॅक्स गोळा करणंच बंद केलं. टॅक्सची उरलीसुरली अब्रू या भागात तिथंच गेली, असं माझं मत.

आणि एक गोष्ट या वादात कुणी काढत नाही. या प्रांताची स्वतःची सरकारी बस होती, 1946 पासूनची, आपल्या एसटीसारखी गावोगाव जाणारी. ती 2017 च्या मे अखेर प्रांत सरकारने बंद केली. पुढच्या वर्षी ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून गाशा गुंडाळला. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रदेश, माणसं सुमारे बारा लाख, आणि बहुतेक गावांतून शहरात जायला बस नाही. त्यानंतर सहा महिन्यांत कार्बन टॅक्स आला: पेट्रोल कमी वापरा. केंद्राने किंमत लावली, प्रांताने त्याआधीच पर्याय काढून घेतला होता, आणि दोघं एकमेकांवर ओरडत राहिले. तुम्हाला याचा अर्थ एवढाच की नवरा-बायको दोघांनाही गाडी चालवता यायला हवी. एकाची कामाची पाळी असताना दुसऱ्याला मुलाला तापात डॉक्टरकडे न्यायचं तर दुसरी गाडीही लागेल. म्हणून पहिल्यावर सगळे पैसे उधळू नका.

इलेक्ट्रिकचंही विचारलंय. घरी गॅरेज आणि चार्जर असेल तर दुसरी गाडी म्हणून उत्तम. ब्लॉक हीटरची भानगडच नाही. पण कडक थंडीत हीटर लावून रेंज 40 टक्क्यांपर्यंत घटते आणि ट्रान्स-कॅनडा हायवे सोडला की जलद चार्जर विरळ. एकुलती गाडी म्हणून पहिल्या हिवाळ्यात तरी नको.

तुमच्या जागी मी असतो तर तीन-चार वर्षं वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह छोटी एसयूव्ही घेतली असती, हायब्रिड मिळाली तर फारच छान. टायरसाठी हजारेक डॉलर बाजूला ठेवा आणि ते वेगळ्या रिमवरच चढवून घ्या, दर ऑक्टोबरला बदलणं स्वस्त पडतं. गाडी बघायला गेलात की पुढच्या जाळीत ब्लॉक हीटरची वायर आहे का ते बघा. सौम्य थंडीच्या व्हँकुव्हरकडून आलेल्या गाड्यांना बहुतेक वेळा नसते. असेल तर प्लगमध्ये लावून चालते का तेही तपासा, कारण वायर कुरतडलेली किंवा हीटर जळालेला असतो आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. बॅटरी किती जुनी विचारा. चार वर्षांच्या पुढची असेल तर बदलूनच द्यायला सांगा. काचेवरच्या तड्यावर फार घासाघीस करू नका, इथल्या खडीत नवी काचही वर्षभर नीट राहत नाही.