पेरिस्कोप करताना आधी कोन सांभाळा

पेरिस्कोप म्हणजे आडोशाआडून पलीकडचं बघायची, दोन आरसे बसवलेली नळी. ती पुठ्ठ्याची की पीव्हीसीची, हे नंतर बघा. खरं काम आरशांचं. दोन्ही नळीशी ४५ अंशांत आणि एकमेकांना समांतर हवेत. एक आरसा १ अंशाने कलला, तर नजर २ अंशांनी सरकते. मी पहिल्यांदा अंदाजाने खाचा पाडल्या आणि भिंतीपलीकडच्या झाडाऐवजी नुसतं आभाळ दिसलं. म्हणून कंपासपेटीतला गुण्या लावूनच खाचा पाडा. नळी जितकी लांब तितकं दृश्य आक्रसतं; सुरुवातीला फूटभर पुरे. आतून काळा कागद लावाच. साध्या आरशात काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही पुसट दुसरी प्रतिमा पडते, तिला घाबरू नका. जुन्या पाणबुड्यांच्या पेरिस्कोपात लोलक (प्रिझम) आणि भिंगं असत. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका, डोळे जातील.